पीकेएम२ वर एफबीपीचा काहीच परिणाम दिसत नाही, उलट एटीपी आणि सायट्रेट घट्ट बसल्यासारखे दिसतात. नेमकं कुठे चुकतंय?

मिलिमोलर

नमस्कार मंडळी. मानवी पायरुव्हेट कायनेज एम२ म्हणजे पीकेएम२ (पीईपी आणि एडीपीपासून पायरुव्हेट आणि एटीपी बनवणारं एन्झाइम), त्याच्यावर चयापचयातले रेणू कसे बसतात आणि त्याने एन्झाइमचा वेग कसा बदलतो, एवढाच प्रकल्पाचा विषय आहे. प्रोटीन ई. कोलायमध्ये हिस-टॅग (निकेलला चिकटणारं शेपूट) लावून बनवलं आहे. निकेल कॉलम, मग रात्रभर डायलिसिस. जेलवर एकच पट्टा येतो, २६० आणि २८० नॅनोमीटरच्या शोषणाचं गुणोत्तर (२६०/२८०) ०.६ च्या आसपास आहे.

अ‍ॅसे, म्हणजे वेग मोजायची चाचणी, नेहमीचाच: तयार झालेलं पायरुव्हेट एलडीएच (लॅक्टेट डीहायड्रोजनेज) वापरतं आणि त्यात एनएडीएच खर्च होतं, ते ३४० नॅनोमीटरला घटताना बघायचं. १ मिली क्यूव्हेटमध्ये ट्रिस ५० मिलिमोलर पीएच ७.५, पोटॅशियम क्लोराइड १००, मॅग्नेशियम क्लोराइड १०, एडीपी २, पीईपी (फॉस्फोइनॉलपायरुव्हेट) ५, एनएडीएच ०.२ मिलिमोलर, एलडीएच ५ युनिट आणि पीकेएम२ २ मायक्रोग्रॅम.

अडचणी तीन.

१) फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेट, म्हणजे एफबीपी, १ मिलिमोलर घातलं तरी वेग जसाच्या तसा. पुस्तकात तर हा पीकेएम२ चा मुख्य अ‍ॅक्टिव्हेटर.
२) सेरीनने फरक नाही, फिनाइलअ‍ॅलनिनने वेग थोडासा उतरतो.
३) क्यूपीसीआर मशीनवर सायप्रो ऑरेंज हा चमकणारा रंग घालून थर्मल शिफ्ट केलं, म्हणजे प्रोटीन उलगडण्याचं तापमान (टीएम) बघितलं. ५ मिलिमोलर एटीपीने टीएम ४ अंशांनी वर जातं, १० मिलिमोलर सायट्रेटने ३ अंशांनी. एफबीपीने जेमतेम अर्धा अंश.

मग एटीपी आणि सायट्रेट हेच खरे नियंत्रक मानायचे का? आयटीसी (रेणू बसतानाची उष्णता मोजणारं) यंत्र आमच्याकडे नाही. जे आहे त्यात काय करता येईल ते सांगा.

---

ताकभात

पहिल्या अडचणीची दोन कारणं तुमच्या पोस्टमध्येच आहेत आणि दोन्ही एकाच वेळी लागू आहेत.

एक: पीईपी ५ मिलिमोलर. एफबीपी पीकेएम२ चा कमाल वेग फारसा वाढवत नाही, पीईपीसाठीची ओढ वाढवतं. एफबीपी नसताना पीईपीचं केएम (अर्धा कमाल वेग मिळतो ती मात्रा) १ मिलिमोलरच्या आसपास किंवा वर असतं, एफबीपी बसलं की ०.१ ते ०.२ पर्यंत खाली येतं. तुम्ही ५ मिलिमोलर ओतलंत तर दोन्ही अवस्था कमाल वेगाजवळच धावणार, फरक दिसायला जागाच उरत नाही. ०.०५ पासून ५ मिलिमोलरपर्यंत आठ-दहा बिंदूंचा पूर्ण वक्र काढा. एकाच बिंदूवर काम भागवायचं असेल तर ०.२ ते ०.३ वर मोजा.

दोन: तुमच्या प्रोटीनवर एफबीपी आधीच बसलेलं असणार. ग्लुकोजवर वाढणाऱ्या ई. कोलायमध्ये एफबीपी सुमारे १५ मिलिमोलर मोजलेलं आहे आणि पीकेएम२ ते काही दशक नॅनोमोलर इतक्या घट्टपणे धरतं. पेशी फोडल्या, कॉलमवर धुतलं, डायलिसिस केलं, तरी ते चिकटून राहतं. २६०/२८० वर विसंबू नका. ते गुणोत्तर न्यूक्लिओटाइड पकडतं, एफबीपीला त्या भागात शोषणच नाही. जेलवर एक पट्टा म्हणजे प्रोटीन शुद्ध, खिसा (रेणू बसण्याची जागा) रिकामा असा त्याचा अर्थ होत नाही.

तपासायला महाग यंत्र लागत नाही. प्रोटीन ५० मायक्रोमोलर घ्या, म्हणजे साधारण २.९ मिग्रॅ प्रति मिली. ९५ अंशांवर ५ मिनिटं तापवा, बर्फावर ठेवा, जोरात फिरवा आणि वरचं द्रव काढा. त्यातलं २०० मायक्रोलिटर एकूण १ मिलीच्या मिश्रणात टाका: एनएडीएच, ट्रायोज फॉस्फेट आयसोमरेज आणि ग्लिसरॉल-३-फॉस्फेट डीहायड्रोजनेज. रीडिंग स्थिर झालं की शेवटी अल्डोलेज. एका एफबीपीमागे दोन एनएडीएच खर्च होतात. सगळे खिसे भरलेले असतील तर क्यूव्हेटमध्ये एफबीपी १० मायक्रोमोलर होईल, म्हणजे ३४० ला २ × १० × ०.००६२२ (१ मायक्रोमोलर एनएडीएचचं शोषण) = ०.१२४ इतकी घट. साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर हे आरामात दिसतं. माहीत असलेलं ५ आणि १० मायक्रोमोलर एफबीपी शेजारी लावा, नाहीतर अल्डोलेज जिवंत आहे की नाही हेही कळणार नाही.

काढायचं कसं? नुसत्या डायलिसिसने भागत नाही. अमोनियम सल्फेटने खाली बसवणं हा जुना आणि चालणारा मार्ग. ० अंशाला ७० टक्के संपृक्ततेसाठी १०० मिलीला ४३.६ ग्रॅम, म्हणजे तुमच्या १० मिलीला ४.३६ ग्रॅम. बर्फावर, हळूहळू, चिमूट चिमूट टाकत ढवळा. फेस येऊ देऊ नका. अर्धा तास थांबून १५,००० जी ला २० मिनिटं फिरवा, गोळा डीटीटी (ऑक्सिडेशन रोखणारं रसायन) असलेल्या बफरमध्ये विरघळवा आणि हेच दोन-तीनदा करा. सल्फेट फॉस्फेटच्या जागेत बसू शकतं, त्यामुळे शेवटी डीसॉल्टिंग कॉलम टाळता येणार नाही. मग वरची अल्डोलेज चाचणी पुन्हा. शून्य येईलच असं नाही. पाव खिसे भरलेले राहिले तरी काम होतं, फक्त तो आकडा लिहून ठेवा आणि वक्र वाचताना धरा.

एफबीपी मोजताना १ मिलिमोलर कशाला? ०, ०.०५, ०.२, १, ५, २० मायक्रोमोलर पुरे. आणि पीकेएम१ मिळालं तर शेजारी लावा. दोघांत ५३१ पैकी फक्त २२ अमिनो आम्लांचा फरक, पण एम१ कायम चार-चारच्या जोडणीत राहतं आणि एफबीपीला दाद देत नाही. यापेक्षा चांगला कंट्रोल शोधून सापडणार नाही.

---

क्यूव्हेटवाला

ताकभात यांच्याशी पूर्ण सहमत, पण अ‍ॅसे सुधारल्याशिवाय रिकामं प्रोटीनही काही सांगणार नाही. जरा हिशोब करू.

चांगल्या पीकेएम२ ची क्षमता मिग्रॅमागे २०० युनिटच्या आसपास धरा (एक युनिट म्हणजे मिनिटाला १ मायक्रोमोल). तुमचे २ मायक्रोग्रॅम म्हणजे ०.४ युनिट. क्यूव्हेटमध्ये मिनिटाला ०.४ मिलिमोलर एनएडीएच खर्च होणार आणि तुम्ही घातलंय ०.२. म्हणजे अर्ध्या मिनिटात खेळ खलास. क्यूव्हेट उलटसुलट करून झाकण लावेपर्यंत त्यातली १५ सेकंदं गेलेली असतात. उरलेल्या वाकड्या रेषेला तुम्ही जो "वेग" म्हणताय तो पीकेएम२ चा वेग नाही. परिणाम न दिसण्याचं हे तिसरं कारण.

०.३ मायक्रोग्रॅम प्रति मिलीवर या, म्हणजे साधारण ५ नॅनोमोलर. शोषणातली घट मिनिटाला ०.०२ ते ०.१ मध्ये ठेवा आणि पहिल्या सरळ भागाचाच उतार घ्या. मग दोन तपासण्या. एलडीएच दुप्पट केलं तर उतार बदलता कामा नये. पीकेएम२ दुप्पट केलं तर उतार दुप्पट झालाच पाहिजे. या दोन्ही होत नसतील तर पुढचा एकही आकडा लिहू नका.

एवढ्या विरळ द्रावणात दोन भानगडी होतात. प्रोटीन प्लास्टिकला चिकटतं, त्यावर उपाय ०.१ मिग्रॅ प्रति मिली बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन). दुसरी जास्त महत्त्वाची: एफबीपी नसलेलं पीकेएम२ विरळ केलं की चौकडी सुटून जोड्या आणि सुटे रेणू होतात, आणि हे सावकाश होतं. विरळ केल्यावर लगेच मोजलं तर एक आकडा, अर्ध्या तासाने दुसरा. म्हणून वेळ ठरवून घ्या. दाट स्टॉकमधून १०० नॅनोमोलरचा कामचलाऊ स्टॉक करा, त्यात एफबीपी किंवा अमिनो आम्ल घालून खोलीच्या तापमानाला १५ मिनिटं ठेवा, आणि पीईपी शेवटी टाकून सुरुवात करा. क्यूव्हेटमध्येही तो रेणू तेवढ्याच प्रमाणात हवा, नाहीतर वीसपट विरळ होऊन सुटेल.

बफरमध्ये डीटीटी दिसत नाही. १ मिलिमोलर घाला. पीकेएम२ मधलं ३५८ क्रमांकाचं सिस्टीन ऑक्सिडाइझ झालं की एन्झाइम मंदावतं आणि अ‍ॅक्टिव्हेटरलाही नीट प्रतिसाद देत नाही.

आता एलडीएच. बाटली बहुतेक सशाच्या स्नायूतली, अमोनियम सल्फेटमधली पांढरी गढूळ असणार. दोन गोष्टी बघा. त्यात सशाचं स्वतःचं पायरुव्हेट कायनेज अंशभर असू शकतं, आणि स्नायूतलं म्हणजे एम१, एफबीपीला न जुमानणारं! पीकेएम२ शिवायचा ब्लँक रोज लावा आणि वजा करा. शिवाय प्रत्येक नळीत सारखंच सल्फेट जातंय ना हे बघा. गढूळ द्रव न हलवता पिपेटने उचललं की एका नळीत एन्झाइम जास्त, दुसरीत नुसतं मीठ. थोडं फिरवून गोळा ग्लिसरॉल असलेल्या बफरमध्ये घेतला की प्रश्न मिटतो.

जोडलेल्या एन्झाइमवरही मेटाबोलाइट, म्हणजे चयापचयातले रेणू, बसतात हे लोक विसरतात. ऑक्झॅलेट पायरुव्हेट कायनेज आणि एलडीएच दोघांनाही अडवतं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या गटाने ३३ मानवी एन्झाइमांवर मेटाबोलाइट तपासून ८३० जोड्या नोंदवल्या. त्यात लांब साखळीचे अ‍ॅसिल-कोए (कोएन्झाइम-ए ला जोडलेली मेदाम्लं) एलडीएच-ए ला अडवतात आणि एलडीएच-बी ला नाही, हेही दाखवलं. म्हणजे उद्या तुम्ही पामिटॉइल-कोए घालून उतार कमी झालेला पाहिलात, तर थांबलं कोण, पीकेएम२ की एलडीएच? नियम सोपा आहे. प्रत्येक रेणूसाठी पीईपी-पीकेएम२ काढून थेट पायरुव्हेट घाला आणि एलडीएचचा वेग स्वतंत्र मोजा. बीएसए अ‍ॅसिल-कोए शोषून घेतं, त्या प्रयोगात ते वगळा.

---

पीएचपेपर

तिसऱ्या अडचणीवर. एटीपी-सायट्रेटवर भाळू नका, आधी नळीचा पीएच मोजा. एटीपीच्या डायसोडियम मिठाचं १०० मिलिमोलर द्रावण पीएच ३ च्या आसपास असतं. ते सोडियम हायड्रॉक्साइडने ७ ला आणल्याशिवाय २० मिलिमोलर बफरमध्ये ५ मिलिमोलर टाकलंत तर प्रोटीन काय, बफरच हलतो. सायट्रिक आम्ल, सक्सिनिक आम्ल सगळ्यांची हीच गत. टीएम वर गेलं की "बसलं" म्हणायचं हा उत्साह इथेच फसतो. स्टॉक तटस्थ केल्यावर एटीपीची खरी मात्रा २५९ नॅनोमीटरला १५,४०० या गुणांकाने तपासा. जुन्या पुडीतलं एटीपी पाणी धरून बसलेलं असतं, त्यामुळे वजनावर जाऊ नका.

ट्रिस या कामाला वाईट. त्याचा पीकेए दर अंशाला ०.०२८ ने घसरतो, २५ पासून ६५ अंशांपर्यंत जाता जाता पीएच एका एककाहून जास्त खाली. हेपेस वापरा. फॉस्फेट बफर तापमानाला चांगला असला तरी इथे फॉस्फेट ओळखणारे खिसे आहेत, म्हणून नको.

मॅग्नेशियमचं काय? सायट्रेट आणि एटीपी दोघेही ते पकडतात. पायरुव्हेट कायनेजला मॅग्नेशियम आणि पोटॅशियम दोन्ही लागतात, मॅग्नेशियम काढून घेतलं की टीएम आणि वेग दोन्ही बदलतात. १० मिलिमोलर सायट्रेट घालताना मॅग्नेशियम क्लोराइडही त्या प्रमाणात वाढवा, आणि शेजारी १० मिलिमोलर सोडियम सल्फेटची नळी लावा. सल्फेटनेही २-३ अंश वाढले तर तो मिठाचा सर्वसाधारण परिणाम, सायट्रेटचं कौतुक नको.

एटीपीबाबत आणखी एक. तो या एन्झाइमचा उत्पाद आहे, सक्रिय जागेत बसणारच. ४ अंश हे तिथलेही असू शकतात. दुसरीकडे कुठे बसून नियंत्रण करतो असं म्हणायला वेगळा पुरावा लागेल.

आणि एफबीपीने अर्धाच अंश का, याचं उत्तर वर आलंच आहे. खिसा भरलेला असेल तर आणखी घालून टीएम वाढणार कशाला? प्रोटीन रिकामं केल्यावर आधी टीएम खाली यायला हवं, मग एफबीपी घातल्यावर वर. हाच तुमचा सर्वांत स्वस्त पुरावा.

साधन म्हणून: प्रोटीन २ ते ५ मायक्रोमोलर, एकूण २० मायक्रोलिटर, सायप्रो ५०००× मधून अंतिम ५×, २५ ते ९५ अंश, मिनिटाला १ अंश, प्रत्येकी तीन नळ्या. प्रोटीनशिवायची रंग-अधिक-मेटाबोलाइट नळी हवीच. अ‍ॅसिल-कोए साबणासारखे असतात, काही दशक मायक्रोमोलरच्या पुढे त्यांचे मायसेल बनतात आणि रंग त्यातच चमकतो. सुरुवातीलाच चमक जास्त दिसली तर तो वक्र फेकून द्या.

एक शेवटचं, जे प्रबंधातही चुकलेलं दिसतं. मात्रा वाढवत नेली तर टीएम केडीपाशी (अर्धे खिसे भरतात त्या मात्रेपाशी; केडी जितकं लहान तितका बंध घट्ट) थांबत नाही, लॉगच्या प्रमाणात चढतच राहतं. त्यामुळे टीएमच्या वक्राचा "अर्धा बिंदू" म्हणजे केडी असं लिहू नका.

---

मिलिमोलर

सर्वांचे मनापासून आभार, विशेषतः अर्ध्या मिनिटाच्या हिशोबाबद्दल. दोन शंका राहिल्या. सेरीन आणि फिनाइलअ‍ॅलनिन खरंच बसतात का, हे आयटीसीशिवाय कसं दाखवू? आणि "ग्लुकोज वाढलं की एफबीपी वाढतं, एफबीपी पीकेएम२ चालू करतं" अशी मांडणी प्रबंधात चालेल का?

---

ताकभात

आयटीसी नाही याचं फार वाईट वाटून घेऊ नका. सेरीनचं केडी काहीशे मायक्रोमोलरच्या घरात आहे. २०० धरलं तर सी-मूल्य (प्रोटीनची मात्रा भागिले केडी) १ मिळवायलाच २०० मायक्रोमोलर प्रोटीन लागेल, म्हणजे ११.६ मिग्रॅ प्रति मिली, तेही पूर्ण विरघळलेलं. दुबळ्या बंधासाठी ते यंत्र असंही कष्टाचंच.

फ्लुओरोमीटर असेल तर प्रोटीनच्या स्वतःच्या ट्रिप्टोफॅनची चमक वापरा. २९५ नॅनोमीटरला उत्तेजन द्या. तिथे फिनाइलअ‍ॅलनिन शोषत नाही आणि एटीपीही जवळपास नाही, २८० वर मात्र एटीपी घोळ घालेल. अमिनो आम्ल ५० मायक्रोमोलरपासून १० मिलिमोलरपर्यंत. स्टॉक प्रोटीनच्याच बफरमध्ये बनवा आणि विरळ होण्याची दुरुस्ती करा. डी-सेरीनची मालिका शेजारी ठेवा.

निर्णायक पुरावा म्युटंटचा, म्हणजे एक अमिनो आम्ल बदललेल्या प्रोटीनचा. हिस्टिडिन ४६४ चं अ‍ॅलनिन केलं की सेरीन बसत नाही. आर्जिनिन ४८९ चं ल्युसिन केलं की एफबीपी बसत नाही. दुसऱ्याचा दुहेरी फायदा आहे: ई. कोलायमधून ते रिकामंच बाहेर येतं, म्हणजे अमोनियम सल्फेटची कसरत न करता एफबीपीशिवायचं प्रोटीन हातात. त्याच्यावर सेरीन आणि फिनाइलअ‍ॅलनिन आधी मोजा. टीईपीपी-४६ (पीकेएम२ चा कृत्रिम अ‍ॅक्टिव्हेटर) मिळालं तर तेही घ्या. ते उपघटकांच्या सांध्यात बसतं, एफबीपीच्या खिशात नाही, त्यामुळे या म्युटंटवरही त्याने वेग वाढायला हवा. नाही वाढला तर प्रोटीनच बिघडलेलं आहे असं समजा.

---

सायटोसॉल

दुसरी शंका जास्त महत्त्वाची वाटते म्हणून त्यावरच लिहितो. ती मांडणी तशीच लिहू नका, परीक्षक धरतील.

एखादा रेणू प्रोटीनवर बसतो आणि तो प्रोटीनचं नियंत्रण करतो, ही दोन वेगळी विधानं आहेत. नियंत्रणासाठी पेशीतली मात्रा केडीच्या आजूबाजूला वर-खाली व्हावी लागते. एमटीओआरसी१ ला (पेशीची वाढ नियंत्रित करणाऱ्या प्रोटीन-संकुलाला) अमिनो आम्लांची खबर देणारी प्रोटीनं बघा: सेस्ट्रिन२ ल्युसिनला सुमारे २० मायक्रोमोलर केडीने धरतं, कॅस्टर१ आर्जिनिनला सुमारे ३५ ने, सॅमटॉर एस-अ‍ॅडेनोसिल मेथिओनिनला सुमारे ७ ने. उपासमारीत मात्रा या आकड्यांच्या खाली घसरू शकते, म्हणून हे खरे संवेदक. पीकेएम२-एफबीपीत मात्र केडी नॅनोमोलरमध्ये आणि वाढणाऱ्या पेशीत एफबीपी मायक्रोमोलरमध्ये, कित्येक पट वर. ग्लुकोज दुप्पट झालं तरी भरलेला खिसा भरलेलाच. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांचाही रोख असाच होता: पेशीतल्या बहुतांश पीकेएम२ वर एफबीपी असतंच, आणि वेग वर-खाली करण्याचं काम सेरीन-फिनाइलअ‍ॅलनिनसारखी अमिनो आम्लं करतात. म्हणून तुमच्या प्रबंधातला रंजक प्रयोग "एफबीपी आहे की नाही" हा नाही. एफबीपी भरलेलं असताना अमिनो आम्ल काय करतं, हा आहे. दोन्ही खिशांची चौकट करा: एफबीपी ० आणि ५ मायक्रोमोलर, प्रत्येकात फिनाइलअ‍ॅलनिन ०, ०.२, ०.५, १, २, ५ मिलिमोलर, तेच सेरीनचं. पीईपी ०.२ वर.

मात्रा उद्धृत करताना एकूण आणि मोकळी यांत फरक करा. एएमपीके (पेशीतली ऊर्जा घटल्याची खबर घेणारं एन्झाइम) हे डोळ्यांसमोर ठेवण्यासारखं उदाहरण. पेशीत एटीपी काही मिलिमोलर, मोकळं एएमपी काही दशक मायक्रोमोलर, आणि दोघं गॅमा उपघटकाच्या त्याच जागांसाठी भांडतात. तरी एएमपीची खबर लागते, कारण बहुतेक एटीपी मॅग्नेशियमला बांधलेलं असतं आणि तिथे मुख्यतः मॅग्नेशियमविरहित एटीपी बसतं. एकूण एटीपी घेऊन हिशोब केला तर एएमपीके कधी चालूच होऊ नये!

पुढे बजेट आणि सहकार्य मिळालं तर मर्यादित प्रोटिओलिसिस-मास स्पेक्ट्रोमेट्रीचा विचार करा. पेशींचा अर्क न तापवता तयार करायचा, छोटे रेणू गाळून काढायचे, मेटाबोलाइट घालून १० मिनिटं ठेवायचं, प्रोटिनेज के (प्रोटीन कापणारं एन्झाइम) १:१०० प्रमाणात काही मिनिटं, लगेच उकळून थांबवायचं, मग नेहमीचं ट्रिप्सिन. मेटाबोलाइट बसलेल्या जागी काप बदलतो. झुरिकच्या गटाने २०१८ मध्ये याच पद्धतीने ई. कोलायमध्ये २० मेटाबोलाइटसाठी १,६७८ जोड्या दाखवल्या. मात्र छोटे रेणू गाळताना तुमचीच अडचण तिथेही येते: घट्ट बसलेले रेणू निघत नाहीत आणि तेच प्रोटीन "प्रतिसाद नाही" या यादीत जातं.

---

मिलिमोलर

आर्जिनिन ४८९ चा म्युटंट मागवतो. टॅग एन टोकाला आहे, काढायला हवा का? आणि रिकामं प्रोटीन किती दिवस टिकेल?

---

क्यूव्हेटवाला

एन टोकाचा टॅग राहू द्या. सी टोकाला असता तर काळजी होती, एफबीपीचा खिसा आणि दोन जोड्या जुळण्याचा सांधा त्याच भागात आहेत. निकेल आणि इमिडाझोल मात्र पूर्ण घालवा. निकेल पकडायला ईडीटीए वापरलंत तर डीसॉल्टिंगनंतर अ‍ॅसेपर्यंत त्याचा थेंब येऊ देऊ नका, तुमचं मॅग्नेशियम जाईल.

रिकामं प्रोटीन भरलेल्यापेक्षा नाजूक. १० टक्के ग्लिसरॉल आणि १ मिलिमोलर डीटीटीत, २ मिग्रॅ प्रति मिलीच्या वर ठेवून २०-२० मायक्रोलिटरच्या नळ्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवा आणि उणे ८० ला ठेवा. एक नळी एकदाच. पुन्हा गोठवलेली वापरू नका. प्रत्येक दिवशी आधी ५ मायक्रोमोलर एफबीपी आणि ५ मिलिमोलर पीईपीवर कमाल वेग मोजा. पहिल्या दिवसाच्या तुलनेत तो १५-२० टक्क्यांहून जास्त घटला की ती तुकडी बाद.